मुक्कामाची मुदत

थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाला तिथले इमिग्रेशन खाते दरवर्षी तेच प्रश्न विचारते. वय पन्नासच्या पुढे आहे का? थाई बँकेत स्वतःच्या नावावर आठ लाख बाट आहेत का? तेवढी पुंजी नसेल तर महिन्याला ६५,००० बाट येतात का? कागद जुळले की १,९०० बाट भरून एका वर्षाचा मुक्काम वाढवून मिळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच रांग. दाखवण्यापुरते पैसे आणायचे आणि शिक्का बसला की परत पाठवायचे, ही पळवाट २०१९ मध्ये बुजवण्यात आली. आता रक्कम अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही आणि उरलेल्या काळातही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. शिवाय दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. मधेच नातवाच्या बारशाला मायदेशी जायचे ठरले तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढायचा. तो न काढता विमानात बसले की वाढवून घेतलेला मुक्काम तिथल्या तिथे रद्द! मुदत उलटून राहिले तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,०००.

६५,००० बाट म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी नोकराला मिळू शकणारे सर्वोच्च मूळ निवृत्तिवेतन १,२५,००० रुपये आहे. म्हणजे दिल्लीत मोठ्या खुर्चीवरून उतरलेला अधिकारीही महागाई भत्ता जोडल्याशिवाय थायलंडच्या कसोटीला उतरत नाही. मग वैनगंगेकाठच्या भंडारा जिल्ह्यातल्या पेन्शनरांचे काय बोलावे?

भंडारा जिल्ह्याची ओळख धानाची, तलावांची आणि पितळी भांड्यांची. पण साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी आली, पुढे गडेगावला अशोक लेलँड आणि वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी तर इंग्रजांच्या काळापासूनच्या. त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक, पाटबंधारे, महसूल, पोलीस खात्यांतले नोकरदार धरले की गावोगाव पेन्शनर दिसतात. सगळ्यांची पेन्शन मात्र सारखी नाही. निर्माणीतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्याला सरकारी निवृत्तिवेतन मिळते. खासगी कारखान्यातून बाहेर पडलेला भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेवर असतो, आणि त्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर थांबलेले आहे. चांगली पेन्शन आणि नावापुरती पेन्शन, दोन्ही एकाच गल्लीत नांदतात.

दुबईचा निवृत्तीचा व्हिसा पाच वर्षांचा असतो. वय ५५ हवे आणि दहा लाख दिरहॅमची मालमत्ता किंवा तेवढीच बचत हवी. ती नसेल तर महिन्याला पंधरा-वीस हजार दिरहॅम उत्पन्न दाखवावे लागते. पाच वर्षांनी नूतनीकरण करतानाही अटी त्याच. मलेशियाची ‘माय सेकंड होम’ ही योजना २००२ पासून चालू आहे. २०२४च्या फेररचनेनंतर तिच्या चांदीच्या श्रेणीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची ठेव लागते. हे व्हिसा पैसेवाल्यांसाठी आहेत आणि ते देणारी सरकारे ही गोष्ट लपवतही नाहीत. म्हाताऱ्या माणसाने आपल्या देशात खर्च करावा, नोकरी मागू नये आणि दवाखान्याचे बिल स्वतः भरावे, एवढाच त्यांचा हिशेब.

तरीही भंडाऱ्याचे निवृत्त आईवडील परदेशात राहतात. त्यामागे समुद्रकिनाऱ्याची हौस नसते, मुले तिकडे असतात. नागपूरला इंजिनिअरिंग, मग पुणे किंवा बंगळुरू, मग कॅलिफोर्निया, टोरोंटो, मेलबर्न ही वाट आता जुनी झाली. त्यामुळे या मंडळींचे निवृत्तीचे दिवस नेमके अशा देशांत जातात जिथे निवृत्तीचा व्हिसाच नाही, किंवा होता तो बंद झाला आहे. ब्रिटनने स्वतःच्या उत्पन्नावर जगणाऱ्या निवृत्तांचा मार्ग २००८ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद केला. ऑस्ट्रेलियाने गुंतवणूकदार निवृत्तांचा व्हिसा २०१८ मध्ये बंद केला. अमेरिकेत तो कधी नव्हताच.

या देशांत आईवडील राहतात ते मुलाच्या कागदावर. मुलाचे उत्पन्न, मुलाचे नागरिकत्व, मुलाने काढलेला विमा यांवर त्यांचा मुक्काम ठरतो. त्यांचे म्हणून एकच उत्पन्न उरते, भंडाऱ्याच्या बँकेत जमा होणारे निवृत्तिवेतन. आणि त्यालाही दरवर्षी नूतनीकरण लागतेच.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. पासपोर्टवर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा चिकटवलेला असतो आणि गावात बातमी पसरते की गुरुजींना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. मिळालेली असते ती दहा वर्षे दारावर येण्याची मुभा. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि इंटरनेटवर पाहता येते. व्हिसावरची तारीख वाचून निर्धास्त राहणाऱ्याने ही दुसरी तारीख पाहिलीच नाही, तर तो नकळत बेकायदा होतो. अधिक राहायचे असेल तर ती तारीख उलटण्याआधी, शक्यतो ४५ दिवस अगोदर, आय-५३९ हा अर्ज भरून कारण सांगायचे. सुनेचे बाळंतपण, आजारपण, खर्च कोण करणार, परत जाण्याचा पुरावा काय, हे सगळे लिहायचे. वेळेत केलेला अर्ज निकालाच्या प्रतीक्षेत असेपर्यंत माणूस बेकायदा ठरत नाही. मुदत चुकवली तर मात्र हिशेब कडक आहे. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून मग देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिले तर दहा वर्षे प्रवेशबंदी. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको. एखादा दिवस जरी जादा राहिले तरी पासपोर्टवरचा तो दहा वर्षांचा व्हिसा निकामी होतो, ही बाब बहुतेकांना पुढच्या खेपेला कळते.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल आणि त्याचे वय २१ च्या पुढे असेल, तर तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो आणि त्या गटाला वार्षिक कोट्याची अट नाही. नुसत्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या मुलाला हा हक्क नाही. ग्रीन कार्ड हाती आले की सुटलो, असे घरच्यांना वाटते. इथे उलटी गंमत सुरू होते. आतापर्यंत प्रश्न असायचा की अमेरिकेत जास्त का राहिलात. आता प्रश्न असतो की अमेरिकेबाहेर इतके दिवस का राहिलात. धानाच्या रोवणीला गावी आलेले आजोबा दिवाळी करून, तीळसंक्रांत करून, लग्नसराई आटोपून परत निघाले आणि सहा महिने उलटले, की विमानतळावर चौकशी होते. वर्षाहून अधिक बाहेर राहायचे असेल तर पुनःप्रवेशाचा परवाना लागतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. दोन्ही घरे सारखी वापरायची इच्छा असलेल्या म्हाताऱ्यांसाठी ग्रीन कार्ड ही सोय कमी आणि बेडी जास्त आहे. अनेकांना पर्यटक व्हिसाच बरा वाटू लागतो.

कॅनडाने ही अडचण ओळखून डिसेंबर २०११ मध्ये ‘सुपर व्हिसा’ आणला. आईवडील आणि आजीआजोबांसाठीच तो आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते आणि तिथेच अर्ज करून मुदत वाढवताही येते. अटी दोन मोठ्या. मुलाचे उत्पन्न कुटुंबाच्या संख्येनुसार ठरलेल्या पातळीच्या वर हवे आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा हवा. मधुमेह-रक्तदाब असलेल्या पासष्टीच्या जोडप्याचा हा विमा स्वस्त नसतो आणि जुन्या आजारांचा त्यात समावेश आहे की नाही, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

या व्हिसात एक खाच आहे, जी भंडाऱ्यातून निघण्याआधीच भरून काढता येते. कॅनडाचा अधिकारी पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा मुक्काम देत नाही. पासपोर्ट दोन वर्षांत संपत असेल, तर पाच वर्षांचा हक्क असूनही दोनच वर्षे पदरात पडतात आणि मग परदेशात आधी पासपोर्टचे, नंतर मुक्कामाचे नूतनीकरण अशी दुहेरी धावपळ होते. भारतीय पासपोर्ट मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नव्याने काढता येतो. नागपूरच्या विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत हे काम सरळ होते. परदेशात तेच काम वकिलातीमार्फत, अनेकदा भंडाऱ्याच्या पत्त्यावरच्या पोलीस पडताळणीसह करावे लागते. घराला कुलूप असेल तर पोलीस शिपाई तरी कोणाला विचारणार?

ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या कायम वास्तव्याची साधी रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. साठीच्या माणसाला नव्वदीत बोलावणार, असा त्याचा अर्थ. म्हणून २०१९ मध्ये तात्पुरता प्रायोजित व्हिसा आला. तो तीन किंवा पाच वर्षांचा, शुल्क हजारो डॉलर, आणि सगळे मिळून दहा वर्षांपलीकडे नाही. दहा वर्षांनंतर काय, याचे उत्तर त्या नियमात नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून रोजच्या उठण्याबसण्याला आधार लागतो आणि तो मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध केल्याशिवाय आईवडिलांना कायमचे नेता येत नाही.

आता उलट्या दिशेने पाहिले तर? परदेशी पासपोर्ट असलेल्या माणसाला भंडारा जिल्ह्यात म्हातारपण घालवायचे असेल, तर भारताकडे त्यासाठी काय आहे?

निवृत्तीचा व्हिसा भारतही देत नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्याला एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांहून अधिक राहता येत नाही. अन्य प्रकारच्या दीर्घ व्हिसावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला नोंदणी करावी लागते. मुंबईसारख्या शहरात त्यासाठी स्वतंत्र एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. २०१८ पासून बहुतेक अर्ज ऑनलाइन होतात. परदेशी पाहुण्याला मुक्काम देणाऱ्यानेही २४ तासांत त्याची माहिती कळवायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला, आणि व्हिसाची मुदत ओलांडून राहणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १९२०चा पासपोर्ट कायदा आणि १९३९चा नोंदणी कायदा इतकी वर्षे चालत होते, ही गोष्टही नवलाचीच.

पूर्व विदर्भाला हा विषय अगदी नवा नाही. जपानमध्ये १९३५ साली जन्मलेले भिक्खू सुरेई ससाई साठच्या दशकात भारतात आले. बिहारमधल्या राजगीरच्या शांतिस्तूपाच्या कामात त्यांनी निचिदात्सू फुजी यांना साहाय्य केले आणि मग ते नागपूरला पोहोचले. १९५६च्या धम्मदीक्षा सोहळ्याचे आयोजन करणाऱ्या वामनराव गोडबोले यांची तिथे त्यांच्याशी गाठ पडली. ससाई नागपूरचेच झाले. वस्त्यांमध्ये फिरले, दीक्षा दिल्या, लोकांनी त्यांना आपले मानले. व्हिसाची मुदत मात्र केव्हाच उलटून गेली होती. जादा राहिल्याबद्दल त्यांना देशाबाहेर पाठवण्यासाठी खटला झाला; १९८७ मध्ये तो फेटाळला गेला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. पुढे बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी केले आणि राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून कामही केले. ज्याला मुदत संपली म्हणून घालवायचे होते, त्यालाच सरकारने आयोगावर बसवले! पण हा मार्ग नमुना म्हणून घेण्यासारखा नाही. पाठीशी हजारो माणसे असलेल्या भिक्खूला जे साधले ते तुमसरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या परदेशी वृद्धाला साधणार नाही, आणि नव्या कायद्यात तर नाहीच.

जपानशी असलेला हा धागा खुद्द भंडारा जिल्ह्यातही आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. जवळच रुयाड (सिंदपुरी) इथे महासमाधी भूमीचा भव्य स्तूप उभा आहे आणि तिथे जपानी बौद्धांची ये-जा असते. पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी व्हिसा पुरतो. राहून जाण्याची इच्छा झाली की वर सांगितलेली नोंदणी, मुदतवाढ आणि पोलीस अधीक्षक कार्यालय सुरू होते.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मात्र २००५ पासून चांगली वाट आहे. ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक हे कार्ड असले की आयुष्यभर कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे. पोलीस नोंदणी नाही, मुदतवाढ नाही. अमेरिकेचा नागरिक झालेला साकोलीचा मुलगा साठीला परत आला तर त्याला निवृत्तीच्या व्हिसाची गरजच पडत नाही. भारतीय किंवा ओसीआय व्यक्तीशी लग्न होऊन दोन वर्षे झालेल्या परदेशी पत्नीला किंवा पतीलाही ते मिळू शकते. पूर्वी पासपोर्ट बदलला की कार्ड पुन्हा काढण्याची कटकट होती आणि कित्येकांना विमानतळावर अडवले जाई. एप्रिल २०२१ पासून वीस वर्षे वयानंतरच्या पहिल्या पासपोर्टवेळी एकदाच नवे कार्ड काढावे लागते. पन्नाशी उलटलेल्याने नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवले की झाले, शुल्कही नाही. सरकारने एखादा नियम खरोखर सोपा केला याचे हे दुर्मीळ उदाहरण.

पण भंडाऱ्यात परतणाऱ्याला एक गोष्ट बोचते. ओसीआय असो की भारतीय पासपोर्टवर परदेशात स्थायिक झालेला माणूस असो, त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. वडिलांची धानाची बांधी नावावर चढेल. शेजारची दोन एकर विकायला निघाली तर ती घेता येणार नाही. निवृत्तीनंतर गावी जाऊन शेती करू म्हणणाऱ्या अनेकांचा बेत या एका नियमाशी येऊन अडतो.

गावी परतलेल्याच्या परदेशी पेन्शनचीही कथा आहे. अमेरिकेचे सोशल सिक्युरिटी खाते देशाबाहेर राहणाऱ्या पेन्शनरांना दर वर्षी किंवा दोन वर्षांनी एसएसए-७१६२ नावाची प्रश्नावली टपालाने पाठवते. ती भरून परत गेली नाही तर पैसे थांबतात. लाखांदूरच्या पत्त्यावर अमेरिकेचे पत्र वेळेत पोहोचणे आणि वेळेत परत जाणे, यावर महिन्याचा खर्च अवलंबून. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. ज्या रकमेवर ती सुरू झाली त्याच रकमेवर गोठते.

आपला हयातीचा दाखला हा याच जातीचा कागद. दर नोव्हेंबरला जिल्ह्यातल्या बँकांसमोर पेन्शनरांची गर्दी होते. राज्य सरकारचा निवृत्त कर्मचारी बँकेतल्या यादीसमोर सही करतो. केंद्राच्या पेन्शनरालाही नोव्हेंबरच; वयाची ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासून सवलत. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनमध्ये वेगळेच पंचांग चालते: वर्षात केव्हाही दाखला द्या, तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. नवरा कारखान्यातून निवृत्त आणि बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका, अशा घरात दोन वेगळ्या तारखा असतात. दाखला चुकला तर पेन्शन बुडत नाही, थांबते. दाखला दिला की थकबाकीसह सुरू होते. पण ती थांबली आहे हे टोरोंटोत बसलेल्या माणसाला कळायलाच कधी कधी दोन-तीन महिने जातात.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले आणि आधारवरून घरबसल्या दाखला देता येऊ लागला. आधी बोटांचे ठसे लागत. उभे आयुष्य शेतात, खाणीत किंवा बारुदीच्या विभागात काम केलेल्यांच्या बोटांच्या रेषा यंत्राला वाचता येत नसत. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला निघतो. हा बदल मोठा आहे. परदेशात हे जमले नाही तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर, बँक अधिकाऱ्यासमोर सही करून दाखला पाठवता येतो. वकिलातींना हे काम परिचयाचे आहे.

खरा अडसर बहुतेकदा क्षुल्लक असतो. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक. परदेशात गेल्यावर जुने सिम ड्रॉवरमध्ये पडते. ९० दिवस वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकते आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळूही शकते. मग ओटीपी येत नाही. ओटीपी नाही म्हणून बँकेचे ॲप चालत नाही आणि आधारवर आधारलेली बहुतेक कामे अडतात. व्हिसाच्या वाढीसाठी बँकेचा उतारा हवा असतो, तोही निघत नाही. वर्षाला काही शे रुपयांच्या रिचार्जवर दोन देशांतली कागदपत्रे टांगलेली असतात, आणि तो रिचार्ज करायचे कोणी तरी विसरते.

शेती असलेल्यांचे आणखी एक. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये अनिवासी भारतीयाला मिळत नाहीत आणि महिना १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक पेन्शन असणाऱ्यालाही नाही (चतुर्थ श्रेणी कर्मचारी याला अपवाद). वर्षातले बहुतेक महिने परदेशात काढून हप्ता घेत राहणाऱ्याकडून वसुली होऊ शकते. ई-पीक पाहणीसाठी तर बांधीत उभे राहून मोबाइलने फोटो घ्यावा लागतो. धान सरकारी केंद्रावर विकायचे असेल तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ज्याला शेती बटईने दिली त्याच्याकडे हे काम स्पष्ट शब्दांत सोपवून जावे लागते. आणि कायम परदेशी राहायचे ठरले असेल तर बँकेला कळवून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे, करून घेणेही नियमाने आवश्यक आहे. पेन्शन त्या खात्यात जमा होण्यास अडचण नाही.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. आईवडिलांचा व्हिसा, विमा, पासपोर्टच्या तारखा बहुतेक घरांत मुलाच्या लॅपटॉपमध्ये असतात आणि ज्यांचा मुक्काम आहे त्यांना त्या ठाऊक नसतात. चाळीस वर्षे शाळेचे हजेरीपत्रक किंवा कारखान्याचे स्टोअर चोख सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या आय-९४ची तारीख माहीत नसावी, हे बरोबर नाही. मुलगा नोकरीच्या धावपळीत असतो. त्याच्या स्वतःच्या व्हिसाचेही नूतनीकरण चालू असते. वृद्धांना हे झेपणार नाही असे गृहीत धरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि धोकाही.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे जाण्याचा बेत असलेल्यांनी तिकिटाआधी पासपोर्टची मुदत पाहावी. दोन वर्षांहून कमी उरली असेल तर वर्षभर आधीच्या नियमाप्रमाणे तो नवा केव्हा काढता येतो ते ठरवून मगच मोठा मुक्काम आखावा. जीवन प्रमाणचे ॲप स्वतःच्या मोबाइलवर घालून एकदा इथेच चेहरा दाखवून पाहावा. सिम चालू ठेवावे. पेन्शनची, विम्याची आणि परदेशी मुक्कामाची तारीख एका वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावी आणि तिची एक प्रत गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. ही कामे भंडाऱ्यात दोन-चार दिवसांत उरकतात. परदेशात त्यांतल्या एकेका कामासाठी वकिलातीची वेळ घ्यावी लागते.